सातशे वर्षांची कंपनी, पण बचत तुमची

प्रश्न : मी फिनलंडमध्ये ओउलू इथे स्टोरा एन्सो या कागद-पॅकेजिंग कंपनीच्या गिरणीत अभियंता आहे. पत्नी सध्या नोकरी करत नाही, घराचं कर्ज चालू आहे. शेअर बचत खात्यात कंपनीचे २२,००० युरोचे आर शेअर (कमी मताधिकाराचे) आहेत आणि जागतिक इंडेक्स फंडात ४०,००० युरो, त्यातला १२,००० नफा. कंपनी १२८८ पासूनची, जंगलं स्वतःची आणि भावही उतरलेला. फंड मोडून सगळे पैसे शेअरमध्ये टाकू का?

उत्तर : नाही. फंड मोडू नका, आणि शेअरमध्ये नवी भरही घालू नका.

१२८८ चा जो दस्तऐवज दाखवला जातो, तो स्वीडनमधल्या फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या एका बिशपच्या आठव्या हिश्श्याचा आहे. ती खाण १९९२ मध्ये बंद झाली. त्या खाणीतून उभी राहिलेली स्टोरा टिकली ती धंदे बदलत: तांबं, लोखंड, लाकूड, मग कागद. एन्सोची सुरुवात १८७२ मध्ये हान्स गुटझाइट यांच्या कोत्का इथल्या लाकूड गिरणीतून झाली. १९१८ मध्ये फिनलंड सरकारने तिचा ताबा घेतला आणि १९९८ मध्ये स्टोरा आणि एन्सो या दोन्ही कंपन्या एक झाल्या. म्हणजे कंपनी जुनी आहे, पण ती टिकली म्हणून तिची प्रत्येक गिरणी टिकते असं नाही.

त्याच कोत्कामधली सुनिला लगदा गिरणी घ्या. आल्व्हार आल्टो यांनी आराखडा केलेली, १९३० च्या दशकात उभी राहिलेली. रशियातून लाकूड येणं थांबल्यावर फिनलंडमध्ये लाकडाचे भाव चढले, तिकडे लगद्याची मागणी मंदावली आणि २०२३ मध्ये सुनिला बंद झाली. लाभांशाचंही तेच: २०२२ साठी शेअरमागे ०.६० युरो मिळाले होते, २०२३ साठी ०.२०. नोकऱ्या आणि लाभांश एकाच वेळी कापले गेले, आणि मला तुमची काळजी वाटते ती इथेच. गिरणी बंद केल्यावर शेअर कधी वधारतोही, हे खरं. पण अख्ख्या धंद्यातच मंदी आली, तर पगार, शेअर आणि गिरणीच्या गावातल्या घराची किंमत या तिन्हींना एकदम झळ बसते. तुमच्या घरात पगार एकच आहे.

ओउलूत काय घडलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत. कागदाचं उत्पादन थांबलं, एक यंत्र पुठ्ठ्यासाठी बदललं, दुसऱ्यावर सुमारे एक अब्ज युरो खर्चून २०२५ मध्ये खोक्यांच्या बोर्डाची नवी लाइन सुरू झाली. वर्षाला साडेसात लाख टनांची क्षमता. ती भरून चालली तर कंपनीचं भलं होईल, आणि व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण त्या लाइनवर तुमची नोकरी आधीच पणाला लागलेली आहे.

जंगलांचा मुद्दा मात्र भक्कम आहे. २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमधलं सुमारे पावणेदोन लाख हेक्टर जंगल ९० कोटी युरोला विकायचं ठरवलं, तेही कर्ज कमी करायला. म्हणजे जमिनीला खरी किंमत आहे. फक्त ती केव्हा आणि कशी मोकळी करायची, हे ठरवण्यात तुमचा आवाज नगण्य. दहा आर शेअरना मिळून एक मत असतं, आणि निम्म्याहून जास्त मतं सोलिडियम ही सरकारी कंपनी आणि स्वीडनमधल्या वॉलेनबर्ग घराण्याची गुंतवणूक कंपनी फाम यांच्याकडे आहेत.

आता कराचं बघू. फंड मोडलात की १२,००० नफ्यावर ३० टक्क्यांनी ३,६०० युरो कर लागेल. हा कर कधीतरी भरायचाच आहे, मान्य, पण आज भरलात तर शेअरमध्ये ३६,४०० च जातील आणि ४०,००० ला परत पोचायलाच जवळपास १० टक्के वाढ लागेल.

शेअर बचत खात्यातले २२,००० म्हणजे तुमच्या गुंतवणुकीचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा. तो मी दहा टक्क्यांवर आणेन, दोन-तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने. खात्याच्या आत विकून दुसरे शेअर घेतले तर लगेच कर लागत नाही. पैसे खात्याबाहेर काढताना नफ्याच्या प्रमाणात लागतो. पहिल्या टप्प्यातून कागद, लाकूड, पॅकेजिंग सोडून इतर क्षेत्रांतले शेअर घ्या. त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते भागतील एवढी रोकड साध्या बचत खात्यात आहे का ते तपासा. नसेल, तर दर महिन्याची नवी बचत आधी तिकडे वळवा. फंडातला हप्ता तेवढे महिने थांबला तरी चालेल.