ऑनलाइन मीटर असताना पाण्याचे नमुने हाताने कशाला तपासायचे?

तुमचा प्रश्न असा की पुढच्या महिन्यात ठाणे जिल्ह्यातल्या एका जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर म्हणून रुजू होताय, तिथे सगळे मीटर ऑनलाइन आहेत, तरी दर तासाला बाटली घेऊन फिरायला लावतात ते का, आणि खरं लक्ष कुठे ठेवायचं. मी उल्हास नदीचं पाणी उचलणाऱ्या एका केंद्रावर शिफ्ट करतो, त्यामुळे सांगतोय ते नदीच्या पाण्यापुरतं धरा.

पहिलं म्हणजे, लॅबच्या जिवाणू तपासणीवर शिफ्ट चालत नाही. ई. कोलाय आहे की नाही हे कळायला निदान एक दिवस जातो, तोवर ते पाणी लोकांनी पिऊन संपवलेलं असतं. आपल्या हातात तीनच गोष्टी आहेत: गढूळपणा, पीएच आणि क्लोरीन. त्यातही मी गढूळपणाला वरचं स्थान देतो, आमच्या केमिस्ट मॅडमना हे पटत नसलं तरी.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. या ५ च्या आकड्यावर विसंबू नका. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या परजीवी जंतूमुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. तेव्हा तिथल्या एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा जास्तीत जास्त १.७ च्या आसपास गेला होता. हा जंतू नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही, त्याला अडवतो तो फिल्टरच.

म्हणून प्रत्येक फिल्टर बेडचं (पाणी गाळणाऱ्या वाळूच्या थराचं) पाणी वेगळं तपासा. समजा आठ बेड आहेत. सातांचं पाणी ०.३ आणि एकाचं २.५ असेल, तर एकत्र चॅनेलवरचा मीटर ०.६ च्या आत दाखवणार आणि कंट्रोल रूममध्ये सगळे निवांत. बॅकवॉशनंतर, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून बेड धुतल्यावर, तो लाइनवर घेताना सुरुवातीचा काही वेळ पाणी खराबच येतं. ते वाया घालवायची सोय असेल तर घालवा, वरिष्ठ पाण्याच्या नासाडीबद्दल बोलले तरी. सोय नसेल तर निदान बेड हळूहळू उघडा, एकदम पूर्ण फ्लोवर नको.

आता मीटरबद्दल. ते खोटं बोलत नाहीत, पण काचेवर शेवाळाचा थर बसला, सेन्सरमध्ये हवेचे बुडबुडे अडकले किंवा नमुन्याची बारीक नळी चोंदली तर आकडा भलताच येतो. सगळ्यात संशयास्पद आकडा म्हणजे तासन् तास न हललेला आकडा. हाताने घेतलेला नमुना त्यासाठीच असतो. मात्र बाटलीवर बोटांचे ठसे राहिले तर तुमचंच रीडिंग वर जाईल, तेव्हा पुसून मगच मीटरमध्ये ठेवा.

क्लोरीन तपासताना पीएच सोबत लिहायची सवय लावा. पीएच ६.५ ला मुक्त (अमोनियाशी वगैरे न जोडलेल्या) क्लोरीनचा साधारण ९० टक्के भाग जोरकस हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८.५ ला जेमतेम १० टक्के. म्हणजे क्लोरीनचा ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर हा आकडा तोच, काम मात्र वेगळं. डीपीडीला (क्लोरीन मोजायला नमुन्यात टाकतात ते रसायन) गुलाबी रंग येऊन लगेच उडाला तर क्लोरीन शून्य आहे असं धरून डोस वाढवू नका. क्लोरीन फार जास्त असलं तरी रंग असाच उडतो. नमुना डिस्टिल्ड वॉटरने पातळ करून पुन्हा पाहा. ओटी (ऑर्थोटोलिडिन, त्याच कामाचं दुसरं रसायन) वापरत असाल तर रंग लगेच वाचा, उशीर झाला की संयुक्त (अमोनियाशी जोडला गेलेला) क्लोरीनही त्यात मिसळून आकडा फुगतो.

आपल्याकडे खरी परीक्षा जूनमध्ये. मोरबे धरणातून भोकरपाड्याला जाणारं नवी मुंबईचं पाणी साठ्यातलं, ते सावकाश बदलतं. नदीचं पाणी मात्र वर बदलापूरकडे जोराचा पाऊस झाला की काही तासांत चहाच्या रंगाचं होतं. तेव्हा जुन्या जार टेस्टवरचा (भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून पाहायची चाचणी) तुरटीचा डोस चालत नाही, पुन्हा टेस्ट लावा. शिवाय पावसाच्या पाण्याने नदीची क्षारता (आम्ल पेलण्याची ताकद) उतरते आणि तुरटीही ती खाते: १ मिलिग्रॅम तुरटीला साधारण अर्धा मिलिग्रॅम. पीएच घसरला की फ्लॉक (गाळाचे एकत्र आलेले पुंजके) धरत नाही, आणि नवखा माणूस आणखी तुरटी सोडतो. अशा वेळी आधी क्षारता तपासून चुना द्यावा लागतो.

उन्हाळ्यात उलटं. प्रवाह कमी, जलपर्णी माजलेली, सांडपाण्याचा अंश जास्त. अमोनिया वाढला की क्लोरीन त्याच्यातच खर्ची पडतो. डोस नेहमीचाच असून मुक्त क्लोरीन खाली येऊ लागला तर क्लोरिनेटर उघडून बसण्याआधी रॉ वॉटरमधला (नदीतून आलेल्या कच्च्या पाण्यातला) अमोनिया तपासून घ्या.

आणखी एक. जिवाणूंच्या नमुन्याची निर्जंतुक बाटली विसळू नका. त्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते उरलेला क्लोरीन मारतं. विसळली तर क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट फुकटचा चांगला येतो.