वाचक विचारतात : गठ्ठ्यातले कागद कोहात कसे चढवायचे?

प्रश्न : मॅडम नमस्कार, आमचं तालुक्याचं वाचनालय आहे, शंभरी पार केलेलं, ब वर्ग. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर बसवलंय, पुस्तकांची एन्ट्री जवळपास उरकली. आता गावातल्या एका वकील घराण्याने आजोबांचे कागद वाचनालयाला दिलेत, आठ-नऊ गठ्ठे आहेत, त्यात पत्रं, कोर्टाचे कागद, डायऱ्या, फोटो, काही मोडीतलं, शिवाय पन्नासेक जुनी पुस्तकं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो प्रत्येक कागदाला दाखल नंबर देऊन बारकोड चिकटवा आणि पुस्तकासारखं चढवून टाका. सेक्रेटरी म्हणतात एक्सेल करा आणि कपाटाला कुलूप लावा. मी कुणाचं ऐकू? – ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. म्हणजे सेक्रेटरींचं एक्सेल पुढे लागणार आहे, पण कुलूप नको.

आधी सॉफ्टवेअरवाल्याचं बघू. पुस्तक एकटं उभं राहू शकतं, त्याची दुसरी प्रत कुठेतरी असते. सुट्टा कागद तसा नसतो. विहिरीच्या वाट्याची एक पावती घ्या, ती ज्या दाव्याच्या कागदांत बांधलेली आहे तिथे असेल तर तिला अर्थ, वेगळी काढून ‘पावती, १ पान’ म्हणून चढवली की संपलं, कुणाला कशाची पावती ते कळणार नाही. म्हणून अर्काइव्हवाले, म्हणजे जुने कागद जपणारे लोक, दोन गोष्टी सोडत नाहीत, कागद कुणाकडून आले ते आणि कुठल्या क्रमाने बांधलेले होते ते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि अभ्यासक आजही तळटीपेत रुमाल नंबर देतात. तुमचे गठ्ठे पण तसेच राहू द्या, ‘नीट लावायचं’ म्हणून पत्रं एकीकडे आणि फोटो एकीकडे असं आत्ताच करू नका प्लीज, हा उत्साह फार महाग पडतो.

आता कोहात काय करायचं. अख्ख्या संग्रहाचा एकच रेकॉर्ड करा. नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीत, म्हणजे लीडरमध्ये, ०८ पोझिशनला ‘ए’ टाकायचा, म्हणजे हे अर्काइव्हचं आहे हे मार्कला, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्याला, कळतं. पुढचे आकडे म्हणजे त्या साच्यातले रकाने, त्यांना टॅग म्हणतात. २४५ मध्ये ‘अमुक घराण्याचा कागदपत्र संग्रह’ आणि साधारण कुठल्या साली सुरू होऊन कुठे संपतो ते. ३०० मध्ये किती गठ्ठे, ३५१ मध्ये मांडणी, ५२० मध्ये आत काय आहे ते चार-पाच ओळीत. ५४१ म्हणजे कुणी दिलं, कधी दिलं, आणि ५६१ म्हणजे तुमच्याकडे यायच्या आधी ते कुणाकुणाच्या ताब्यात होतं, हे दोन टॅग लोक हमखास रिकामे सोडतात आणि वीस वर्षांनी तेच लागतात, कारण तोवर देणारेही नसतात आणि घेणारेही रिटायर झालेले असतात. मोडीचं म्हणाल तर भाषेचा कोड मराठीचाच राहतो, लिपी ५४६ मध्ये लिहायची. ज्याला मोडी वाचता येत नाही तो माणूस उगाच तालुक्यापर्यंत यायला नको.

आयटम मात्र गठ्ठ्यागणिक करा, प्रत्येक गठ्ठा एक आयटम, ९५२ मध्ये नॉट फॉर लोन (घरी न्यायला नाही) आणि कलेक्शन कोड वेगळा. बारकोड कागदावर नाही, बारकोड बॉक्सवर! डिंकाची पट्टी, सेलोटेप, लॅमिनेशन यातलं काहीही जुन्या कागदाच्या जवळ आणायचं नाही, रबरी शिक्का पण नको, अगदीच नंबर घालायचा तर मऊ पेन्सिलने मागच्या बाजूला कोपऱ्यात. आणि नॉट फॉर लोन असलं तरी वापराची नोंद होते, गठ्ठा टेबलावर वाचून परत आला की चेक-इनला स्कॅन करायचा, लोकल यूजचं, म्हणजे वाचनालयात बसून केलेला वापर मोजायचं, सेटिंग चालू असेल तर कोहा ते मोजतं. अनुदानाच्या वेळी ‘हे कोण बघतं’ असं विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात राहतं.

आता सेक्रेटरींचं एक्सेल. गठ्ठा नंबर, फाइल नंबर, काय आहे, कधीपासून कधीपर्यंत, भाषा, लिपी, कागदाची हालत, एवढे कॉलम पुरे. प्रत्येक पत्राची ओळ करायची गरज नाही, फाइलपर्यंत उतरलात तरी खूप झालं, एखादं पत्र खास असेल तर त्याची वेगळी ओळ. आयसॅड-जी नावाचं आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं, आधी अख्खा संग्रह, मग मालिका, मग फाइल, मग सुट्टा कागद, आणि वरच्या पायरीवर सांगितलेलं खाली पुन्हा सांगायचं नाही. तारीख कागदावर जशी आहे तशी लिहा आणि शेजारच्या कॉलमात इसवी सन. शके १८२४ असेल तर ७८ मिळवून १९०२, पण पौषाच्या पुढचे कागद बहुतेक १९०३ मध्ये जातात, तिथे तिथी बघून ठरवा. या यादीची पीडीएफ करून कोहाच्या ८५६ मध्ये लिंक द्या, झालं काम. ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या ऑनलाइन सूचीत, कुणी घराण्याचं नाव टाकलं की संग्रह दिसतो, क्लिक केलं की यादी उघडते.

अॅटम घ्यावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी सुचवणारच. कागदपत्रांसाठीच बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, चांगलं आहे, पण त्याला वेगळा सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतो. आठ-नऊ गठ्ठ्यांसाठी माझं मत नाही असंच आहे. एक्सेलचे कॉलम आयसॅड-जीच्या धर्तीवर ठेवा, म्हणजे उद्या संग्रह वाढले तर सीएसव्हीने अॅटममध्ये नेता येतील.

राहिली पन्नास पुस्तकं. ती पुस्तकंच आहेत, एकेक करून चढवा, फक्त कलेक्शन कोड तोच द्या आणि कुणाची होती ते टिपेत लिहा. समासात वकीलसाहेबांनी काही खरडलं असेल तर तेही लिहा, बऱ्याचदा छापलेल्यापेक्षा तेच वाचनीय असतं.

प्रश्न : आमच्या कॉलेजात कोहा नाही, सोल हे सॉफ्टवेअर आहे. संस्थापकांची पत्रं आणि कॉलेजच्या वार्षिक अंकांचे जुने खंड आहेत. वरच्यासारखंच करायचं का? – एक प्राध्यापक-ग्रंथपाल, विदर्भ

उत्तर : हो सर, पत्रांचं तसंच. इन्फ्लिबनेटचं सोलही मार्क २१ वर चालतं, टॅग तेच. वार्षिक अंक मात्र संग्रहात ढकलू नका, ते नियतकालिक आहे, सिरियल म्हणून एकच रेकॉर्ड आणि कुठली वर्षं आहेत, कुठली नाहीत ते होल्डिंग्जमध्ये. नाहीत ती लिहाच, माजी विद्यार्थ्यांच्या माळ्यावरून निघतात मग. मनुष्यबळ असेल तर आतल्या लेखांच्या नोंदी ७७३ ने मूळ अंकाला जोडा, नसेल तर अनुक्रमणिका स्कॅन करून लावा.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? सगळं स्कॅन करून ड्राइव्हवर टाकलं की काम झालं ना? – कार्यकारी मंडळ सदस्य, कोकण

उत्तर : साहेब, स्कॅन म्हणजे फोटो, नोंद नव्हे. ‘आयएमजी ००४७’ नावाच्या हजार फाइल पडल्यात, त्यात तुमच्या गावच्या बंदराचा कागद कोण शोधणार? आधी यादी, मग स्कॅन, आणि फाइलच्या नावात संग्रह-गठ्ठा-फाइल-पान हाच क्रम. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, दाखवायला पीडीएफ, आणि एक कॉपी वाचनालयाच्या इमारतीबाहेर, कोकणातली दमट हवा हार्ड डिस्कलाही सोडत नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी. कागद तुम्हाला मिळाला म्हणजे त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट मिळाला असं होत नाही. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा, आणि आपल्याकडे हयातीत छापलेल्या लेखनाची मुदत साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, हयातीत न छापलेल्याची तर पहिल्यांदा प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. आलेली पत्रं दुसऱ्यांनी लिहिलेली असतात हे लोक विसरतात. त्यात कुणाचं आजारपण, कुणाची कर्जं, हयात माणसांची नावं. असले गठ्ठे वाचनालयात बसून बघू द्या, ऑनलाइन नको, आणि ५०६ मध्ये कुठल्या सालापर्यंत बंद ते स्पष्ट लिहा.

म्हणून कागद घेतानाच दानपत्र करून घ्या, एक पान पुरे. त्यात मालकी वाचनालयाची झाली का, स्कॅन करायची आणि ऑनलाइन टाकायची परवानगी आहे का, देणाऱ्याने स्वतः लिहिलेल्याचा कॉपीराइट तो देतोय का, आणि नको असलेले कागद परत द्यायचे की रद्दीत, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या. तोंडी ‘घेऊन जा हो’ वर आलेले गठ्ठे असतील तर अजूनही घरच्यांकडून सही आणता येईल, या महिन्यातच आणा.