वाचकांचे प्रश्न : युबिक्विटिन धुऊन का जातं?

प्रश्न : यीस्टच्या क्यू-२ प्रथिनाचं पहिलं क्यू डोमेन (युबिक्विटिनला पकडणारा छोटा भाग) जीएसटी (ग्लुटाथायोनला चिकटणारं टॅग-प्रथिन) जोडून ई. कोलाय जिवाणूत बनवलं, ग्लुटाथायोन बीड्सवर बसवलं आणि शुद्ध युबिक्विटिन (इतर प्रथिनांना खूण म्हणून जोडलं जाणारं छोटं प्रथिन) घातलं. पाच वेळा धुतल्यावर ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणाऱ्या मेम्ब्रेनवर) काहीच दिसत नाही. डोमेनची घडी बिघडली असेल का? – संशोधक विद्यार्थिनी, कालिना

उत्तर : घडीवर संशय घेण्याआधी धुणं कमी करा. हे डोमेन जेमतेम ४०-४५ अमिनो आम्लांचं, तीन हेलिक्सचं. पहिल्या हेलिक्सच्या शेवटचे मेथिओनिन-फेनिलअ‍ॅलानिन-प्रोलिन आणि तिसऱ्यातले दोन ल्युसिन, मुख्य पकड यांचीच. ती बसते युबिक्विटिनच्या आयसोल्युसिन ४४ भोवतालच्या जलविरोधी भागावर. ल्युसिन ८ आणि व्हॅलिन ७० तिथलेच. या जोडीची रचना २००३ मध्ये एनएमआरने उलगडली, तेव्हा केडी (ज्या सांद्रतेला अर्धं प्रथिन बांधलं जातं तो आकडा; मोठा म्हणजे पकड सैल) सुमारे १५५ मायक्रोमोलर निघाला. म्हणजे २० मायक्रोमोलर डोमेन मोकळं असेल तर समतोलात जेमतेम ११ टक्के युबिक्विटिन बांधलेलं असतं, आणि ताजं बफर ओतताच तेही सुटतं. पेशीला अशीच सैल पकड हवी असते. घट्ट असती तर प्रथिनं एकमेकांना अडकून बसली असती. यीस्टच्याच व्हीपीएस-९ प्रथिनाचं क्यू डोमेन मात्र दोघांच्या जोडीने युबिक्विटिनला वेढतं, म्हणून तिथे केडी २० च्या आसपास येतो. तुलनेसाठी तेही घ्याच.

बीड्सवर डोमेन दाट बसवा, ४ अंशांवर एकदाच झटपट धुवा. कंट्रोल दोन हवेत : नुसतं जीएसटी, आणि आयसोल्युसिन ४४ च्या जागी अ‍ॅलानिन असलेलं युबिक्विटिन. ब्लॉटही तपासा. ८.५ किलोडाल्टनचं प्रथिन ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून आरपार जाऊ शकतं, ०.२ चं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन वापरा.

केडी मोजायचा असेल तर पुल-डाउन (ही बीड्सची पद्धत) सोडा. जीएसटी स्वतःच जोडीने राहतं, त्यामुळे युबिक्विटिनच्या साखळीवर पकड खोटी घट्ट दिसते. टॅग कापा, नायट्रोजन-१५ लावलेल्या युबिक्विटिनवर एचएसक्यूसी (एनएमआरचा एक प्रकार) टायट्रेशन करा, म्हणजे डोमेन थोडं थोडं वाढवत मोजा. ८० टक्के संपृक्तीसाठी मोकळं डोमेन ६२० मायक्रोमोलर लागेल, तेवढं आधी बनवून ठेवा. युबिक्विटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन एकच. प्रथिन मोजण्याचं २८० नॅनोमीटरचं रीडिंग मुख्यतः याच दोघांवर चालतं, त्यावर विसंबू नका, बीसीए (रंगावरून प्रथिन मोजण्याची चाचणी) करा.

प्रश्न : यीस्टच्या अर्कात युबिक्विटिनची शिडी (वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचे ब्लॉटवरचे पट्टे) पुसट येते. – वाचक, दादर

उत्तर : पेशी फोडतानाच डीयूबी (युबिक्विटिन सोडवणारी) एन्झाइम साखळ्या कापतात. फोडण्याच्या बफरमध्ये १० ते २० मिलिमोलर एनईएम (एन-इथाइलमॅलिमाइड, या एन्झाइमना रोखणारं रसायन) घाला. १ मोलर स्टॉकसाठी १२५ मिलिग्रॅम एनईएम इथेनॉलमध्ये विरघळवून एक मिलिलिटर करा, तेही त्याच दिवशी. पाण्यात ते टिकत नाही. त्या बफरमध्ये डीटीटी (डायथायोथ्रिटॉल हे क्षपणकारक) नको, ते एनईएमलाच निकामी करतं. पावसाळ्यात फ्रीजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर पावडर ओल धरते. शक्य असल्यास पेप-४ जीन काढलेला स्ट्रेन घ्या. व्हॅक्युओलमधल्या प्रोटिएजचा (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमचा) त्रास बराच कमी होतो.