आधी ते ॲप काढा

ताई,

तुमच्या पत्रात टक्के, चाचण्या आणि क्लास यांवर दीड पान आहे. मी अडकलो ते शेवटच्या चार ओळींवर. मुलगी बारावीत आहे. लोकांनी भान ठेवून जेवावं, अन्न वाया घालवू नये, यासाठी उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान तिला घडवायचं आहे. 'सराव व्हावा' म्हणून तुम्ही तिच्या फोनवर कॅलरी मोजणारं ॲप टाकून दिलंत. ती घासन् घास नोंदवते आणि रात्री तुम्ही आकडा तपासता. आकडा जास्त आला की दुसऱ्या दिवशी ती जेवतच नाही, इतकी शिस्तीची आहे, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय.

ताई, ही शिस्त नाही. हे वाचून मला धास्ती वाटली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खाण्याच्या विकाराचं निदान झालेल्या 105 जणांना विचारलं होतं. सुमारे तीन चतुर्थांश जण कॅलरी मोजणारं एक लोकप्रिय ॲप वापरत होते आणि त्यांतल्या 73 टक्के लोकांना वाटत होतं, की आपल्या आजाराला त्याचाही हातभार लागला. ॲपमुळेच आजार होतो, असं यावरून सिद्ध होत नाही. पण जेवण टाळू लागलेल्या मुलीच्या हाती ते राहू देऊ नका. रात्रीची तपासणी आजपासून बंद. आणि याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या, ती जेवण चुकवते हे त्यांना स्पष्ट सांगा. वजन ठीक दिसतंय म्हणून थांबू नका.

प्रवेशाचं म्हणाल तर हा डिझाइनचा अभ्यास; त्यासाठीच्या यूसीड (आयआयटींसारख्या संस्थांसाठी) आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, डॅट या प्रवेशपरीक्षांना कुठल्याही शाखेची मुलं बसू शकतात.

या क्षेत्राबद्दल मात्र तुमचा गैरसमज झालाय. खाणं मोजणारी यंत्रं बनवायची म्हणजे हे काम, असं तुम्ही धरून चाललात. 2013 च्या सुमारास हॅपीफोर्क नावाचा काटा आला होता; भरभर खाल्लं की तो हातातच थरथरायचा. माझ्या मते अशानं जेवणाऱ्याचं लक्ष घासावरून उडून काट्यावर जातं. खरं काम बघायचं तर फ्रिज उघडा. उरलेल्याचा डबा मागे सरकतो, पुढे नवा येतो, चौथ्या दिवशी झाकण उघडून वास घेतला जातो आणि सगळं कचऱ्यात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घरांमधून. तो डबा वेळेत नजरेस कसा पडेल आणि तेही कुणाला अपराधी न वाटू देता, हा डिझायनरपुढचा प्रश्न. उत्तर ॲप असेल, नाहीतर नुसता पारदर्शक डबा. हे सुचायला माणसं तासन् तास न्याहाळावी लागतात. स्वतःच्या भुकेला घाबरणाऱ्या मुलीला आज ते झेपणार नाही.

म्हणून पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांचा संग्रह, वगैरे सध्या राहू द्या. ती सावरली की पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, परीक्षांचं मी तिच्याशी बोलेन. डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र तुम्ही कळवा.