पत्त्यात प्रिन्स्टन आहे म्हणून

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत न्यू जर्सीला राहायला जायचं म्हणून तू पाठवलेल्या तिन्ही घरांच्या पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ आहे आणि तिन्हींपैकी एकही घर प्रिन्स्टनमध्ये नाही. एक प्लेन्सबरोत, दुसरं वेस्ट विंडसरमध्ये, तिसरं साउथ ब्रन्सविकमध्ये. मुलीच्या शाळेसाठी म्हणून तू गाव निवडतो आहेस, तेव्हा हा घोळ आधी निस्तरायला हवा.

न्यू जर्सीत पोस्टाचं गाव, टाउनशिप (म्हणजे गावाचा कारभार आणि घरपट्टी पाहणारी हद्द) आणि स्कूल डिस्ट्रिक्ट या तीन वेगळ्या हद्दी आहेत आणि त्या एकमेकींवर बसतातच असं नाही. ०८५४० हा प्रिन्स्टनचा झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड, आजूबाजूच्या चार-पाच टाउनशिपमध्ये पसरलेला आहे. प्रिन्स्टनच्या नावाचं मोठं हॉस्पिटलसुद्धा २०१२ पासून प्लेन्सबरोत आहे. शिवाय ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. जिल्ह्याच्या जवळ जाणारा शब्द काउंटी. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था. तिचं बोर्ड निवडून येतं आणि तिचा बराचसा खर्च गावातल्या घरपट्टीतून भागतो. प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत, वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, पण दोघांचं स्कूल डिस्ट्रिक्ट एकच: वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो रीजनल.

गंमत पुढे आहे. शेजारच्या क्रॅनबरीत बालवर्गापासून आठवीपर्यंत एकच सरकारी शाळा. नववीपासून तिथली मुलं करारानुसार प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. म्हणजे पत्त्यात प्रिन्स्टन नसलेल्या क्रॅनबरीच्या मुलांना प्रिन्स्टन हायस्कूल मिळतं आणि पत्त्यात प्रिन्स्टन मिरवणाऱ्या प्लेन्सबरोच्या मुलांना नाही.

म्हणून घराची चौकशी अशी कर. घरमालकाला किंवा अपार्टमेंटच्या ऑफिसला एकच प्रश्न विचार: प्रॉपर्टी टॅक्स (घरपट्टी) कुठल्या टाउनशिपला भरता? ते नाव हाती आलं की डिस्ट्रिक्ट ठरतं. मग डिस्ट्रिक्टच्या नावनोंदणी विभागाला घर नंबर आणि रस्त्याचं नाव ईमेलने कळवून नेमकी शाळा कोणती ते लेखी माग. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये रस्त्यागणिक शाळा बदलते, आणि हद्दी बोर्डाच्या ठरावाने हलतात. भाड्याच्या जाहिरातींत शाळेचं जे रेटिंग झळकतं ते संगणकाने जवळची शाळा शोधून चिकटवलेलं असू शकतं. ईमेलचं उत्तर येईपर्यंत लीजवर सही नको.

आता लोकसंख्येकडे वळू, कारण शाळांचा स्वभाव तिच्यातून कळतो. प्लेन्सबरो १९७० साली १,६४८ वस्तीचं दूधदुभत्याचं गाव होतं. जाहिरातींतून अमेरिकाभर पोहोचलेली एल्सी नावाची गाय तिथल्याच वॉकर-गॉर्डन डेअरीतली. मग शेतांवर दोन-तीन मजली अपार्टमेंटच्या वसाहती उभ्या राहिल्या. फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, रेवन्स क्रेस्ट ही नावं तुझ्या यादीत असतीलच. १९८० मध्ये वस्ती ५,६०५, १९९० मध्ये १४,२१३, २००० मध्ये २०,२१५ आणि २०२० मध्ये २४,०८४. १९७० पासून तीस वर्षांत बारा पट वाढ आणि नंतर सपाटी. क्रॅनबरी याच्या अगदी उलट: २०१० मध्ये ३,८५७ आणि २०२० मध्ये ३,८४२. तिथे शेतजमिनी राखून ठेवल्या आहेत, आणि टर्नपाइक या टोलच्या महामार्गाच्या बाजूला गोदामं आली. गोदामं घरपट्टी भरतात, पण शाळेत मुलं पाठवत नाहीत. भाड्याची घरंही तिथे फारशी मिळायची नाहीत, म्हणून तुझ्यासाठी क्रॅनबरी बाद.

गावाची टक्केवारी आणि शाळेची टक्केवारी एकच समजू नकोस. २०१० च्या जनगणनेत प्लेन्सबरोत आशियाई वंशाचे लोक सुमारे ४६ टक्के होते. डिस्ट्रिक्टच्या शाळांत मात्र २०१५ पर्यंत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं होतं; २००७ मध्ये ते ४४ होतं. कारण साधं आहे. शाळेसाठी गाव निवडणारी कुटुंबं शाळेच्या वयाची मुलं घेऊनच येतात. अविवाहित आणि निवृत्त माणसं जनगणनेत मोजली जातात, पण वर्गात दिसत नाहीत.

याच ६५ टक्क्यांच्या काळात एक मोठा वाद झाला. तो तुला माहीत असावा, कारण त्यातले प्रश्न आपल्या घरातले आहेत. २०१५ मध्ये डिस्ट्रिक्टचे तेव्हाचे प्रमुख (सुपरिंटेंडंट) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी मुलांवरचा ताण कमी करायला हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा रद्द केल्या, गृहपाठाविना काही रात्री ठरवून दिल्या आणि चौथी-पाचवीचा जलद गणिताचा वर्ग बंद करायचं ठरवलं. पालकांत उभी फूट पडली आणि ती बरीचशी वंशाच्या रेषेवरची होती. आशियाई पालकांपैकी अनेकांना वाटलं, मुलांची शिडीच काढून घेतली. माझं मत विचारशील तर ताण खरा होता आणि तो वाढवण्यात शिकवण्यांचा वाटा शाळेहून कमी नव्हता. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात कोणी गणिताच्या क्लासचं नाव सुचवेल. मुलीला आधी शाळेची बस ओळखीची होऊ दे.

बसचंही विचारून घे. राज्याच्या कायद्याने आठवीपर्यंत घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तरच बस द्यावी लागते. हायस्कूलला अडीच मैल. त्याच्या आतल्या मुलांना डिस्ट्रिक्ट आपखुशीने बस देतं किंवा पैसे घेतं. प्लेन्सबरोच्या बाजूला वायकॉफ आणि टाउन सेंटर या लहान मुलांच्या शाळा, मग मिलस्टोन रिव्हर, सहावी ते आठवी कम्युनिटी मिडल आणि पुढे हायस्कूल नॉर्थ. बारावीपर्यंत मूल चार इमारती पाहतं.

इयत्तेचा हिशेब वयावर चालतो. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी कट-ऑफ १ ऑक्टोबर आहे, महाराष्ट्रात ३१ डिसेंबर. तुझी मुलगी नोव्हेंबरची. पुण्यात तिला पहिलीत प्रवेश मिळाला असला तरी तिथे ती पहिलीच्या आधीच्या वर्गात, किंडरगार्टनमध्ये बसेल. वर्ष वाया गेलं म्हणून भांडत बसू नकोस. वाचायला येणाऱ्या मुलाला त्या वर्गात त्रास होत नाही.

नावनोंदणीला जन्मदाखला, लीज, एखादं वीजबिल आणि लसींची नोंद लागते. व्हिसाचा प्रकार शाळा विचारू शकत नाही. सुरुवातीला मित्राच्या घरी राहणार असशील तर मित्राचं आणि तुझं प्रतिज्ञापत्र लागेल. मित्राचा पत्ता दाखवून दुसरीकडे राहणं मात्र अंगाशी येतं: डिस्ट्रिक्ट चौकशी करून झालेल्या दिवसांची फी वसूल करू शकतं. घरी कोणती भाषा बोलता या फॉर्मवर ‘मराठी’ हेच लिही. इंग्रजीची छोटी चाचणी होईल, इतकंच. मराठी लिहिणारे किती, हे जनगणनेत शोधू नकोस. भाषांच्या तपशीलवार तक्त्यात आपण ‘नेपाळी, मराठी किंवा इतर’ अशा एका गाठोड्यात असतो. मराठी शाळा हवी असेल तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांची यादी बघ.

सगळ्यात जास्त अडतं ते लसींपाशी, म्हणून इथे नीट लक्ष दे. सरकारी कार्डावरचा नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस तिथे धरत नाहीत, कारण पहिल्या वाढदिवसानंतरचाच डोस चालतो. गोवराचे असे दोन डोस लागतात. सरकारी लसीत गालगुंड नाही, तिथे त्याचा एक डोस हवाच. म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस तिला दे. कांजिण्यांची लसही सरकारी वेळापत्रकात नाही, तिचा एक डोस लागतो. १ एप्रिल २०१६ नंतर तोंडाने दिलेले पोलिओचे थेंब मोजत नाहीत, इंजेक्शनचेच डोस मोजतात, आणि त्यातला एक चौथ्या वाढदिवसानंतरचा असावा. घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या लसीचाही एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा असावा.

हे सगळं निघण्याआधी इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून उरकून घे. पण क्रम सांभाळ. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये २८ दिवसांचं अंतर हवं. भारतातून येणाऱ्या मुलांची क्षयरोगाची तपासणी शाळा मागते, आणि हातावरची चाचणीसुद्धा या लसींच्याच दिवशी करावी किंवा चार आठवड्यांनी. विमानाच्या आदल्या आठवड्यात लस टोचून घेतली की तिथे तपासणी लांबते. हातावरच्या चाचणीपेक्षा रक्ताची तपासणी बरी. जन्मतः टोचलेल्या बीसीजी लसीमुळे रक्ताची तपासणी चुकीची पॉझिटिव्ह येत नाही.

आणि कार्डावरच्या तारखा. ०३/०७ म्हणजे आपल्याकडे ३ जुलै, तिथे ७ मार्च. चार महिन्यांच्या फरकाने वाढदिवसाआधीचा डोस नंतरचा दिसतो किंवा उलट, आणि शाळेची नर्स फाइल परत पाठवते. डॉक्टरांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, महिन्याचं नाव अक्षरात लिहिलेली नवी यादी करून घे. त्या यादीचा आणि जुन्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव, मी ताडून बघतो.

बाकी भेटीअंती.

तुझा,
काका