म्हापशातली २००५ ची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) पेट्रोल गाडी पावसाळ्यात सकाळी अडखळते, आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरते. इंजेक्टर बदलू का?

लगेच बदलू नका, आधी इंजेक्टरचे (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाचे) कनेक्टर आणि इंजिनाची अर्थिंग तपासा. पर्वरीत बरीच वर्षं ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतोय; किनाऱ्याजवळच्या जुन्या गाड्यांत खाऱ्या, दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, करंट नीट पोचत नाही आणि आळ येतो इंजेक्टरवर. थर दिसला तर बॅटरीची निगेटिव्ह काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना पूर्ण सुकू द्या.

मग बॅटरी परत जोडून चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक घुंईं असा आवाज यायला हवा, तो फ्युएल पंप. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा.

पंप ठीक असेल तर इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून परत लावा. ज्याचा काढल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नाहीये. पण म्हणून इंजेक्टरच गेला असं नाही! इंजिन बंद करून, थंड झाल्यावर त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा आणि परत तसंच तपासा. दोष प्लगबरोबर सरकला तर काम स्वस्तात झालं. नाही सरकला तर इंजिन बंद करून इंजेक्टरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. अशा गाड्यांत चांगल्या इंजेक्टरवर बहुधा १२ ते १६ ओहम मिळतात.

एक मात्र, पेट्रोलचा वास येत असेल तर यातलं काहीही करू नका, चावीही फिरवू नका. आधी गळती शोधून घ्या.