पोकर टूर्नामेंटमध्ये माझ्याकडे ४०,००० चिप्स आहेत आणि सरासरी ३५,००० आहे. ब्लाइंड १,५००–३,०००, बिग ब्लाइंडकडून ३,००० अँटी, टेबलावर नऊ जण, लेव्हल वीस मिनिटांची. बक्षिसं अजून लांब आहेत. म्हणजे मी सुरक्षित आहे का? स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्सचा साठा, नेमका कसा मोजायचा?

नाही, सुरक्षित नाही. ब्लाइंड म्हणजे दोन खेळाडूंनी पाळीपाळीने, पानं बघण्याआधीच घालायच्या सक्तीच्या रकमा: तुमच्याकडे स्मॉल १,५०० आणि बिग ३,०००. अँटी म्हणजे अख्ख्या टेबलाच्या वतीने बिग ब्लाइंडवाल्याने घालायचे आणखी ३,०००. दर वीस मिनिटांनी लेव्हल बदलते आणि या रकमा वाढतात. तुमची खरी स्थिती या आकड्यांतून कळते, सरासरीतून नाही. ४०,००० भागिले ३,००० म्हणजे साधारण १३ बिग ब्लाइंड. सरासरी ३५,००० म्हणजे १२ सुद्धा नाहीत. याचा अर्थ एवढाच की अख्ख्या हॉलची अवस्था बिकट आहे आणि तुमची त्यातल्या त्यात बरी आहे.

दुसरं माप असं की एक फेरी नुसतं बसून राहायला किती खर्च येतो? १,५०० अधिक ३,००० अधिक ३,०००, म्हणजे ७,५००. तुमच्या ४०,००० मध्ये अशा पाच फेऱ्या आणि वर थोडं. या मापाला ‘एम’ म्हणतात. बॅकगॅमनचे नावाजलेले खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून ते नाव पडलं आणि १९९५ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेचे विजेते डॅन हॅरिंग्टन यांनी ते सर्वदूर नेलं. हॅरिंग्टन यांच्या मांडणीत एम वीसच्या वर असेल तर सगळा खेळ तुमच्या हातात, दहाच्या खाली गेला की एकेक हत्यार गळायला लागतं, आणि पाचच्या आसपास आलं की ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे) किंवा फोल्ड (पानं टाकून देणं) एवढंच उरतं.

पण एमची एक मर्यादा आहे आणि लाइव्ह खेळात ती फार महागात पडते. एम धरून चालतो की ब्लाइंड आहेत तेवढेच राहणार. लाइव्ह टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे वीस मिनिटांत आठ-दहा, जेमतेम एक फेरी. तुम्ही एकही डाव न खेळता ती फेरी काढलीत तर ३२,५०० उरतील. तोवर ब्लाइंड वाढलेले असतील. समजा २,०००–४,००० आणि अँटी ४,००० झाली, तर फेरीचा खर्च १०,०००. पाच फेऱ्यांचं तुमचं बळ वीस मिनिटांत तीनवर आलं आणि बिग ब्लाइंड उरले आठ. म्हणून मी लेव्हल संपायच्या आधीच पुढच्या लेव्हलच्या आकड्याने भागून बघते. तो आकडा बघून पोटात गोळा आला तर हालचाल या लेव्हलमध्येच करायची.

हालचाल आत्ताच का, तेही आकड्यांतच बघा. तुम्ही बटणावरून, म्हणजे दोन ब्लाइंडच्या लगेच आधीच्या जागेवरून, ऑल-इन गेलात आणि सगळे फोल्ड झाले तर ७,५०० मिळाले, म्हणजे तुमचा स्टॅक जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढला, तेही पान न दाखवता. तुमच्या आधी कुणी ६,५०० चा रेझ (वाढीव डाव) केलेला असेल आणि तुमच्या ऑल-इनवर तो फोल्ड झाला तर १४,००० मिळतात, म्हणजे ३५ टक्के. १३ बिग ब्लाइंडचं खरं सामर्थ्य या दुसऱ्या खेळीत आहे. समोरच्याला तुमचे १३ द्यायला दुखतं, म्हणून तो मध्यम पानं टाकून देतो.

हेच ४ बिग ब्लाइंडवर करून बघा. तुम्ही ऑल-इन गेलात की पॉटमध्ये, म्हणजे मधल्या रकमेत, तुमचे ४ आणि आधीचे अडीच (दोन ब्लाइंड आणि अँटी), एकूण साडेसहा होतात. बिग ब्लाइंडवाल्याचा एक आधीच आत असल्याने त्याला फक्त ३ घालायचे असतात. ३ भागिले साडेनऊ म्हणजे त्याला ३२ टक्क्यांपेक्षा कमी वेळा जिंकूनही परवडतं. तो जवळजवळ कोणत्याही दोन पानांवर कॉल करेल, म्हणजे तेवढीच रक्कम घालेल, आणि तो बरोबरच करेल. १० बिग ब्लाइंड असतील तर त्याला हाच कॉल करायला ४२ टक्के लागतात. लोक ‘चांगली पानं येऊ देत’ म्हणून थांबतात आणि जेव्हा पानं येतात तेव्हा कुणाला घाबरवण्याइतक्या चिप्स उरलेल्या नसतात. हे बघताना मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांनी चूक अशी एकही खेळी केलेली नसते.

आता तिसरं माप, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: समोरच्याचा स्टॅक. दोघांपैकी ज्याच्याकडे कमी, तेवढाच खेळ. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. गोव्यात एका टूर्नामेंटमध्ये माझ्याकडे ७० बिग ब्लाइंड होते. १४ वाल्याने सव्वादोनचा रेझ केला आणि मी चौक्यांच्या जोडीवर कॉल केला, फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पानांत) तिसरा चौका येईल या आशेने. तो येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास, साडेआठ वेळांत एकदा. आला असता तरी त्याच्याकडून आणखी जास्तीत जास्त पावणेबारा मिळणार, तेही त्याने सगळे घातले तर. त्या संध्याकाळी मी असे चार कॉल केले आणि नऊ बिग ब्लाइंड घालवले. माझे ७० होते हे खरं, पण त्या डावात मी १४ चाच खेळ खेळत होते.

लाइव्ह टेबलावर हे मोजायचं हाताने. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यापासून आपल्याकडे मांडवीतल्या कॅसिनोंत बरेच नवे लोक दिसतात, आणि पडद्यावर बिग ब्लाइंडचा आकडा आयता बघायची सवय असल्याने ते गोंधळतात. चिप्स वीस-वीसच्या थप्प्यांत ठेवा. हजारच्या चिप्सची एक थप्पी म्हणजे २०,०००. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा. समोरच्याची नेमकी मोजणी तुम्हाला मागता येते ती त्याच्या ऑल-इनला उत्तर द्यायचं असतानाच, एरवी नजरेनेच अंदाज घ्यावा लागतो. डीलर पत्ते पिसत असतो तेव्हा मी डावीकडच्या दोघांच्या थप्प्या मोजते, कारण माझ्या ऑल-इनला कॉल करणारे बहुतेक वेळा तेच असतात.

बक्षिसांची रेषा जवळ आली की मात्र ही मापं थोडी वाकवावी लागतात. तेव्हा गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग असते. टेबलावर ३-४ बिग ब्लाइंडचे दोघं-तिघं असतील तर तुमच्या १३ ना थांबणं परवडतं. सॅटेलाइटमध्ये (मोठ्या टूर्नामेंटचा प्रवेश जिंकायच्या छोट्या टूर्नामेंटमध्ये) तर सगळी बक्षिसं सारखीच, तिथे मोठ्या स्टॅकने एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणं बरोबर ठरू शकतं.

तुम्ही बक्षिसांपासून अजून लांब आहात असं प्रश्नावरून दिसतंय. तेव्हा या फेरीत बटणावर किंवा त्याच्या उजवीकडच्या जागेवर असाल, आधी सगळे फोल्ड झालेले असतील आणि हातात कुठलीही जोडी, एक्का आणि बरं पान किंवा राजा-राणी असेल, तर सगळ्या चिप्स पुढे सरकवा. पहिल्या जागेवरून एक्का-नव्वा वेगवेगळ्या रंगांचे आले तर टाकून द्या, मागे आठ जण बाकी आहेत.